ओठातला सेल

९ जानेवारी

सूनबाई,

तू रागावून गेलीस ते बरोबर केलंस. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे ‘आता सासूबाई मला समजवायला बसल्या’ असं वाटून तू पत्र बाजूला ठेवायला नको. मी समजवायला बसलेली नाही. भाजी शिजायला टाकून, गॅस बारीक करून बसले आहे, तेव्हा मला वेळही थोडाच आहे.

फोन का नाही केला असं विचारशील. आपलं घर म्हणजे पुढे दुकान आणि मागे दीड खोली. मी फोनवर काय बोलते ते सगळं पुढे ऐकू जातं आणि लगेच तिथून तुझ्या सासऱ्यांची उत्तरं येतात. ‘तिला सांग, मी काही वावगं केलेलं नाही.’ ‘तिला विचार, मुलीला काही झालं का?’ मग तू पलीकडून ‘हो आई’, ‘नाही आई’ म्हणतेस आणि फोन ठेवतेस. त्यापेक्षा कागद बरा.

त्या दिवशी मी आत होते. बाहेर काय घडलं ते मला तुम्हा दोघांकडून दोन तऱ्हांनी कळलं. मी जुळवलं ते असं, चुकलं असेल तर कळव. तुझे सासरे एका नाजूक लेडीज घड्याळात सेल बसवत होते. डाव्या हातात घड्याळ, उजव्या हातात चिमटा, डोळ्याला भिंग आणि नवा सेल नेहमीसारखा ओठांत. आपली भिंगरी बाकाच्या टोकाशी उभी होती. तिने आजोबांकडे बघितलं, वाटीतला एक जुना सेल उचलला, तसाच ओठांत धरला, मोडका चिमटा हातात घेतला आणि एक डोळा मिटून उभी राहिली. हे खूश! म्हणाले, ‘बघा, दुकानाला वारस मिळाला! फोटो काढा कुणीतरी!’ तू पाण्याचा पेला घेऊन येत होतीस. तो पडल्याचा आवाज मी आतून ऐकला.

तू तिच्या ओठांतून सेल काढून घेतलास आणि विचारलंस, ‘बाबा, हा तिने गिळला असता तर?’ त्यावर हे म्हणाले, ‘मी चाळीस वर्षं धरतोय, मला काय झालंय? आणि तो मेलेला सेल होता, त्यात काय जीव असतो?’ मी पदराला हात पुसत बाहेर आले तेव्हा तुझं शेवटचं वाक्य कानावर पडलं, की जिथे हे असं चालतं त्या घरात मी माझी मुलगी ठेवणार नाही. संध्याकाळी तू बॅग भरलीस. मी तुला अडवलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. तुझ्या जागी मी असते तर बॅगही भरली नसती, मुलीला उचलून तशीच निघाले असते.

आता मुख्य गोष्ट. एप्रिलात तुला कामावर परत जायचंय. नाही गेलीस तर त्या पुलाचे आराखडे दुसरं कोणीतरी काढेल आणि तुझी जागा जाईल. आमचा लेक बोटीवर, वर्ष सरल्याशिवाय त्याचा पाय काही जमिनीला लागत नाही. तोवर भिंगरीला मी सांभाळायची हे आपलं ठरलेलं होतं. ते मोडलंय, आणि ते या एका सवयीपायी मोडलंय. मी ते नीट करणार आहे, एप्रिलच्या आत.

पण मी ‘ये’ म्हणेपर्यंत तू तिला आणू नकोस. राग उतरला तरी आणू नकोस. बोटीवरून नवऱ्याचा फोन आला आणि ‘आईला वाईट वाटेल’ असं म्हणाला तरी आणू नकोस. मला वाईट वाटलं तर माझं मी बघून घेईन.

भाजी लागल्याचा वास येतोय. भिंगरीचा एक पापा घे.

आई

२१ जानेवारी

सूनबाई,

घराची झडती घेतली. यांच्या हत्यारांत एक जाडजूड चुंबक आहे, तो केरसुणीच्या दांड्याला बांधला आणि कपाटाखाली, बाकाखाली, पलंगाखाली फिरवला. धाड पडल्यासारखं तोंड करून हे खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. चुंबकाला काय काय चिकटून आलं म्हणून सांगू! स्क्रू, काटे, एका बिजागरीचा अर्धा भाग, तुझ्या नवऱ्याच्या लहानपणीची चावीची मोटार. आणि सेल. शर्टाच्या गुंडीएवढे, मसुराएवढे, आणि गाडीच्या किल्लीत असतात तसले मोठे, नाण्यासारखे. इतके निघाले की मोजायचं मी सोडून दिलं.

‘आपला मुलगा याच फरशीवर रांगला,’ हे वरून म्हणाले. ‘त्याला काही झालं का?’

मी म्हटलं, ‘तो रांगत होता तेव्हा दुकानात चावीची घड्याळं होती. सेल कुठे होते? तुमच्या चाळीस वर्षांतली निम्मी वर्षं ओठांत नुसता स्क्रू असायचा.’ त्यांच्याच धंद्याचा हिशेब मी त्यांना सांगितला, हे त्यांना फारसं आवडलं नाही.

जुन्या सेलांची वाटी आता गेली. तिच्या जागी फिरकीच्या झाकणाचा डबा आणलाय, तो वरच्या फळीवर ठेवलाय. तिथे माझाच हात पोचत नाही, मग भिंगरीचा कुठला पोचतोय. निघालेल्या प्रत्येक सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावायची आणि मगच डब्यात टाकायचा, असा नियम केलाय. नवे सेल त्यांच्या पुठ्ठ्यातून एका वेळी एकच काढायचा. दुकान आणि खोली यांच्या मध्ये कमरेएवढं फाटक लावून घेतलं. सुतार म्हणाला, ‘कुत्रा पाळलाय का?’ मी म्हटलं, ‘पाळलाय, पण तो फाटकाच्या पलीकडे बसतो आणि घड्याळं दुरुस्त करतो.’ हे तीन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

राहिले ओठ. तिथे अजून यश नाही. त्यातच शेजारच्या शिंपीणकाकू आल्या. त्यांच्या स्वतःच्या ओठांत कायम टाचण्या असतात, आणि त्या टाचण्यांच्या फटीतून त्या बोलतात. म्हणाल्या, ‘अहो, तोंड म्हणजे कारागिराचा तिसरा हात!’ यांना एकदम दहा हत्तींचं बळ आलं. ‘ऐक, ऐक काकू काय म्हणतात!’ मी म्हटलं, ‘त्या तिसऱ्या हाताच्या मागे घसा नसता तर माझं काहीच म्हणणं नव्हतं.’ काकू टाचण्यांसकट हसल्या आणि मग मला त्यांचीच काळजी वाटू लागली.

बाकी ठीक. यांच्या पोटाची मध्ये जरा किरकोळ तक्रार होती, त्यामुळे दुकान बंद ठेवावं लागलं. विशेष काही नाही. तू विचारू नकोस.

आई

३ फेब्रुवारी

सूनबाई,

तू विचारलंसच. मी फोनवर म्हणाले, ‘हवा बदलली की होतं असं.’ ते साफ खोटं. हे चार पावलांवर बसून ऐकत होते, म्हणून खोटं बोलले. आता खरं लिहिते, पण तुला माहीत आहे हे यांना कळू देऊ नकोस.

झडती झाल्यानंतरची गोष्ट. सकाळची वेळ, मी दाराशी चहा घेऊन उभी. बाकावरच्या धुळीमुळे यांना शिंक आली. चांगली दणदणीत शिंक. शिंक झाल्यावर माणूस नाक पुसतो, हे बाकाखाली वाकले.

‘अगं, तो चुंबक दे जरा.’

‘काय पडलं?’

‘सेल. इथेच कुठेतरी असेल.’

‘असेल म्हणजे?’

यांनी चुंबक फिरवला, पुन्हा फिरवला. फरशी तर मी आदल्याच दिवशी लख्ख केली होती, त्यावर धूळसुद्धा सापडली नसती. मग हे उठले, माझ्या हातातला चहा घेतला आणि घटाघटा प्यायले.

‘गिळलात?’

‘नक्की सांगता येत नाही. दुखत तर काही नाहीये. उद्यापर्यंत बघू.’

मी शटर ओढलं. एवढ्या वर्षांत मी त्या शटरला कधी हात लावला नव्हता, ते आमच्या घरात यांचं काम. इतकं जड असतं हे मला ठाऊकच नव्हतं. पण खाली आलं. हे चपला घालून माझ्यामागे निघाले.

इस्पितळातली डॉक्टरीण तुझ्याच वयाची होती. रागावली नाही, हसलीही नाही. एक्स-रे काढला. पोटात एक गोल पांढरी टिकली दिसत होती आणि तिच्या कडेला आत आणखी एक वर्तुळ. ती म्हणाली, ‘ही दुहेरी कड दिसतेय ना, म्हणून हे नाणं नाही, सेल आहे. काका, नशीब चांगलं तुमचं, खाली पोटात उतरलाय. वर अन्ननलिकेत अडकला असता तर तुम्हाला घरी सोडलं नसतं.’ पुन्हा कधी दाखवायला यायचं, काय झालं तर लगेच यायचं, ते सगळं सांगितलं. मी उठले. हे उठेनात.

म्हणाले, ‘आणि लहान मूल असतं तर? म्हणजे... दीड वर्षाचं?’

तिने पेन खाली ठेवलं. ‘तुमच्या घरी आहे का?’

‘नाही. होतं. आता नाही,’ हे म्हणाले. ती दचकली, तेव्हा मला मध्ये पडून सांगावं लागलं की अहो, नात सुखरूप आहे, तिच्या आईने नेलीय.

मग तिने सांगितलं. लहान मुलाची अन्ननलिका एवढीशी, म्हणत आपली करंगळी पुढे केली. सेल तिथे अडकतो. ओलावा लागला की त्याच्यातून वीज वाहायला लागते आणि आतून भाजत जातं. दोन तासांतसुद्धा गंभीर इजा होऊ शकते. बाहेरून काही दिसत नाही. मूल लाळ गाळतं, खोकतं, खायला नको म्हणतं, आणि घरचे म्हणतात दात येताहेत, सर्दी झालीय. संशय जरी आला तरी उलटी करवायची नाही, शौचातून पडेल म्हणून वाट बघायची नाही, थेट इस्पितळ गाठायचं आणि एक्स-रे काढायला सांगायचा.

हे म्हणाले, ‘पण सेल संपलेला असेल तर?’

‘घड्याळ चालवायला संपलेला असतो, काका. भाजायला पुरतो.’

घरी आल्यावर यांनी हात धुतले, पुन्हा धुतले. जेवायला बसले, घास हातात घेतला आणि तसाच ताटात ठेवला. म्हणाले, ‘करंगळी.’ बस, एवढंच. तुझ्या सासऱ्यांना मी एवढ्या वर्षांत कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

तो सेल पुढे यथावकाश बाहेर आला. कसं कळलं ते विचारू नकोस. जुनी गाळणी मी फेकून दिली, एवढं सांगते.

आई

२० फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं पत्र आलं. ‘रागात मी जास्तच बोलले, मार्चअखेर भिंगरीला घेऊन येते’ असं लिहिलंस. जास्त बोलली नाहीस. ते वाक्य तू लिहिलंच नाहीस असं मी समजते. आणि मार्चअखेरचं म्हणशील तर, मी अजून ‘ये’ म्हटलेलं नाही.

तुला वाटेल, आता अडलंय कुठे? माणूस मनापासून घाबरला, संपलं की. तसं नसतं गं. मन घाबरलं तरी ओठांना कोण सांगणार? इस्पितळातून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पाहिलं, हात घड्याळात आणि सेल ओठांत. मी ओरडले तेव्हा स्वतःच्याच थोबाडीत मारल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

मग उपाय सुरू झाले. आधी तोंडाला मास्क बांधला. पण भिंगावर वाफ धरते म्हणून तो हनुवटीवर उतरला आणि तिथेच राहिला. मग मी औषधवाल्याला विचारून, नखं खाणाऱ्या मुलांच्या बोटांना लावतात ते कडू औषध आणून ओठांना लावलं. हे दिवसभर जीभ फिरवत बसले आणि संध्याकाळी म्हणाले, ‘आता तसं बरं लागतंय.’ शेवटी यांनीच युक्ती काढली. काम करताना शीळ घालायची! ओठांचा चंबू केला की तिथे सेल राहतच नाही.

युक्ती नामी आहे, शीळ भयंकर आहे. यांना एकच चाल येते आणि तीही अर्धी. अर्ध्यावर आली की पुन्हा पहिल्यापासून. शिंपीणकाकू भिंतीवर हात आपटतात. पण सूनबाई, मला ती शीळ ऐकू येते तोवर माझा जीव थाऱ्यावर असतो. स्वयंपाक करताना एक कान तिकडेच असतो.

आणखी एक झालंय. हे आता गिऱ्हाइकांच्या मागे लागतात. कोणी काहीही घेऊन आलं की पहिला प्रश्न, ‘घरात लहान मूल आहे?’ परवा एकजण नाण्यासारख्या सेलचा छोटा रिमोट घेऊन आला, मागचं झाकण हरवलेलं, सेल रबराने बांधलेला. ‘हा मी असा परत देणार नाही,’ म्हणून यांनी ठेवूनच घेतला. कुठल्या तरी मोडक्या रिमोटचं झाकण घासून बसवलं, वर स्क्रू मारला. तो माणूस वैतागला. म्हणाला, ‘मी सेल बदलायला आलोय, प्रवचन ऐकायला नाही.’ हे म्हणाले, ‘प्रवचनाचे पैसे नाहीत, ते सेलबरोबर येतं.’ माणूस दारापर्यंत गेला, परत आला आणि विचारू लागला की घरी वजनकाटा आहे, त्यातही हाच असतो का?

तर तूही तुझ्या घरात एक फेरी मार. वजनकाटा, गाडीची किल्ली, ताप बघायचं यंत्र, चालताना लुकलुकणारे तिचे बूट, आणि वाढदिवसाला आलेलं ते उघडलं की गाणारं शुभेच्छापत्र. जिथलं झाकण नुसत्या नखाने उघडतं ते सगळं तिच्या हाताला लागणार नाही असं ठेव. तुला शिकवत नाही, पण गाणाऱ्या कागदात सेल असतो हे मलाही परवापर्यंत सुचलं नव्हतं.

मला तिची आठवण येते. रोज येते. लिहून टाकलं, झालं.

आई

१७ मार्च

सूनबाई,

हे पत्र ‘ये’ या शब्दाने सुरू होणार होतं. परवा रात्रीच मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, कुठल्या बसने ये, तिचं अंथरूण कुठे घालीन, दुपारी तिला काय भरवीन. इतके दिवस शीळ अखंड चालू होती. मी दाराआडून बघत होते, मुद्दाम पाय न वाजवता येत होते, एकदाही चूक सापडली नव्हती. मला वाटलं, जिंकले.

काल दुपारी एक बाई आल्या, घाईत. कुठेतरी जायचं होतं, घड्याळ आत्ताच्या आत्ता हवं होतं. त्यांचा फोन वाजत होता, यांचाही वाजू लागला. मी आत कणीक मळत होते. शीळ थांबली. मला वाटलं काम झालं. तरी पिठाच्या हातांनीच बाहेर गेले. बाई फोनवर बोलत होत्या, यांच्या हातात घड्याळ होतं आणि ओठांत सेल.

‘अहो, तोंडात काय आहे?’

यांनी चिमट्याने सेल काढला आणि त्याच्याकडे बघत राहिले. ‘हा इथे कसा आला?’

मला वाटलं सोंग करताहेत. पण नाही. चेहरा पांढरा पडलेला. ‘मला खरंच कळलं नाही गं. मी धरल्याचं मला आठवतच नाही.’

हट्टी माणसाशी मला भांडता येतं. तेवढ्यात माझी हयात गेलीय, आणि मी बहुतेक वेळा जिंकते. पण ज्याला कळतच नाही त्याच्याशी काय भांडू? बाई घड्याळ घेऊन गेल्या. यांनी भर दुपारी दुकान बंद केलं. आम्ही दोघं त्या फाटकाच्या दोन बाजूंना बसून राहिलो. मी रडले. बऱ्याच वर्षांनी रडले, त्यामुळे नीट जमलंही नाही.

तुला खोटं लिहिणं फार सोपं होतं. ‘सुधारले, ये’ एवढे दोनच शब्द. फाटक आहे, डबा वर आहे, माझी नजर आहे, असंही स्वतःला समजावलं असतं. पण फोन दोन्हीकडे वाजतात, गिऱ्हाइकाला घाई असते आणि ती नक्कल करण्यात पटाईत आहे. आपण ज्या दिवशी बघत असतो त्या दिवशी काही होत नाही, सूनबाई.

तेव्हा भिंगरी इथे नको. हे पत्र मी यांना वाचून दाखवलं. ते ‘हो’ म्हणाले आणि मगच मी पाकीट बंद करते आहे.

एप्रिलचं काय करायचं ते मला आत्ता सुचत नाही. असं माझं फारसं होत नाही. पण तू कामावर जाणार, हे धरून चाल. तुझ्या साहेबांना काही कळवू नकोस. मला थोडे दिवस दे.

आई

२६ मार्च

सूनबाई,

सुचलं. मला नाही, यांना.

गेल्या आठवड्यात एका सकाळी शीळ ऐकू येईना म्हणून मी धावत बाहेर गेले, तर हे बाक पुसत होते. बाकावर एकही घड्याळ नाही. चिमटे एका फडक्यात गुंडाळलेले, भिंग त्याच्या डबीत. म्हणाले, ‘ती सवय माझ्याकडून सुटत नाही, तर मी बाक सोडतो. तिला इथे आणायची नाही ना? मग आपण तिकडे जाऊ. ओठ तेवढे माझ्याबरोबर येतील, सेल इथेच राहतील.’

मला आधी कळलंच नाही. तुला ठाऊक आहे ना हा माणूस? स्वतःच्या मुलाच्या लग्नात हार उतरल्या उतरल्या दुकान उघडायला परत आला, का तर कुणालातरी गजराचं घड्याळ संध्याकाळी देतो म्हणून शब्द दिला होता. नवऱ्याच्या तोंडापेक्षा मी त्याची पाठच जास्त पाहिलीय. मी म्हटलं, ‘किती दिवस?’ म्हणाले, ‘ती मोठी होईस्तोवर. नाहीतर आपला लेक बोटीवरून उतरेस्तोवर. जे नंतर होईल ते.’ मी म्हटलं, ‘बाकाशिवाय तुम्ही दिवसभर करणार काय?’ म्हणाले, ‘तिला फिरवीन. चिऊकाऊ दाखवीन. तू सांगशील ते करीन.’ हे शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलंय, पुढेमागे लागेल.

मग चिमटे पुन्हा बाहेर काढून दुरुस्तीचं राहिलेलं सगळं त्यांनी आठवडाभरात संपवलं आणि स्वतः घरोघर नेऊन दिलं. प्रत्येक दारात लहान मूल आहे का ते विचारलंच. तुझ्या घरातलं घड्याळ बंद पडलं तर ते बाहेर दुरुस्तीला टाकायचं, यांच्या हातात द्यायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. बजावताना आवाज जरा चिरका झाला, पण मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आमच्या खर्चाबिर्चाचं तू मनात आणू नकोस, ते आमचं आम्ही पाहिलंय. फक्त झोपायला जागा कुठे द्यायची ते ठरव. हे घोरतात, मी घोरत नाही.

शिंपीणकाकूंनी मनगटाला टाचण्यांची उशी बांधून घेतलीय. त्यांचं बोलणं आता अगदी स्पष्ट कळतं, हा एक तोटा झाला. किल्ली त्यांच्याकडे ठेवतोय.

तर तू एप्रिलात कामावर जायचंस. पूल नीट बांध. खाली जागा ठेवते आहे, यांना काहीतरी लिहायचंय. मी वाचणार नाही असं वचन घेतलंय माझ्याकडून, आणि मी ते पाळणार आहे.

आई

सूनबाई,

मला पत्र लिहिता येत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी हसत होतो. तिच्या ओठांत सेल होता आणि मी फोटो काढा म्हणत होतो. ते आठवलं की घास उतरत नाही. माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो.

आम्ही रविवारी सकाळी पोचतो. निघताना मी धुतलेले कपडे घालणार आहे, पण माझ्या कुठल्या शिवणीत काय अडकून बसलं असेल ते मला सांगता येत नाही. मी नाही म्हटलं तरी माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. भिंगरी मला बघून धावत येईल. तिला धरून ठेव, रडली तरी धरून ठेव. दारातच माझे खिसे उलटे करून बघ. सगळे बघ. तुझं समाधान झालं, की मग तिला सोड.

बाबा